विकर

शुक्रवारी तीनला बैठक.
खिडकीबाहेर टे नदी, तिच्यावरचा लांबलचक रेल्वेपूल,
आत बारा खुर्च्या आणि वाक्यांची धक्काबुक्की.
एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू,
तिसऱ्याचं त्या दोघांच्या खांद्यावरून.
अकरा महिने मी फट शोधत होते.
मनात मराठीत उठलेली शंका
इंग्रजीत नेऊन, इस्त्री करून आणेपर्यंत
सगळे पुढच्या आलेखावर गेलेले.
'शांत आहे, पण कामाला पक्की',
प्राध्यापक कीरांनी अहवालात लिहिलं.
शांत!
जतला घरी वाचून दाखवलं फोनवर,
भाऊ हसून हसून खाली बसला.

ऑक्टोबरात इशबेल गौर्ली आली,
संशोधनाला, अबर्डीनकडच्या मासेमारांच्या घरातली,
जन्मापासून ऐकू न येणारी.
तिच्यासोबत दुभाषी कॉलिन, कोपरं झिजलेल्या काळ्या स्वेटरात.
पहिल्या बैठकीत विसाव्या मिनिटाला
कॉलिनचे हात हवेतच थांबले,
कुणाचं पकडावं कळेना.
इशबेल उठली, फळ्यावर लिहिलं:
'कॉलिनला दोनच हात आहेत.'

मग नियम झाला.
परीक्षानळ्यांचा एक रिकामा नारिंगी स्टँड,
तो ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं.
फर्गस पुटपुटला, बालवाडी.
बैठक चाळीस मिनिटांनी लांबली,
कीरांची साडेचारची गाडी चुकली, दोनदा.

तिसऱ्या शुक्रवारी तो स्टँड
फिरत फिरत माझ्यापाशी आला.
खोली थांबली.
माझ्यासाठी नव्हे, नियमासाठी,
पण थांबली.
मी मराठीत उचललं, सावकाश आणलं, ठेवलं:
बर्फातून काढल्यावर कंट्रोलच्या नळ्या
किती वेळ बाहेर होत्या?
फर्गसने वही चाळली. मागे. आणखी मागे.
कुठेच लिहिलेलं नव्हतं.
त्याचे तीन आठवडे पाण्यात.
(मला आनंद झाला नाही असं कसं म्हणू.
थोडा झाला.)

तो प्रश्न माझ्याकडे दिवाळीआधीपासून होता.

दुपारी डबा खाताना इशबेलने वहीत लिहिलं:
अख्खा दिवस एन्झाइमवर बोलायचं
आणि दर वेळी सहा अक्षरं बोटांनी लिहायची,
कंटाळा येतो. तुझ्या भाषेत काय म्हणतात?
मी लिहिलं, विकर.
आणि कोळेकर सर आठवले, सातवी ब,
खडूने माखलेल्या बाह्या:
'विकर म्हणजे सोयरीक जुळवणारा मामा.
दोन घरं जोडतो, लग्न लावतो,
आणि होता तसा, कोरडाच्या कोरडा,
पुढच्या गावाला निघतो.'
एवढं इंग्रजीत लिहायला माझं अर्धं पान गेलं.
इशबेल हसली. मग डाव्या हाताची ओंजळ केली,
उजवी मूठ तिच्यात बसवली, फिरवली,
बाहेर आली ती दोन बोटं होऊन.
डावा हात होता तसाच.
तिने पुन्हा केलं, मला करायला लावलं.
माझा अंगठा चुकत होता.
आता कॉलिनही तीच खूण करतो,
परवा कीरांनी केली, उलट्या हाताने.
सातवी ब मधला मामा
डंडीत, चौथ्या मजल्यावर, कामाला लागलाय.

सगळं झालं असं नाही.
शीतखोलीत आगीचा भोंगा वाजतो, दिवा लागत नाही.
इशबेलचं चौथं पत्र कुठल्याशा कार्यालयात
कुणाच्या तरी पहिल्या पत्राखाली आहे.
ती आत चार अंशांत, पाठमोरी,
टोपी कानांवर ओढलेली, सवयीने.
तोवर आम्ही पाळ्या लावल्यात.
आज माझी.
दार उघडते, बटण दोनदा दाबते,
अंधार, उजेड, अंधार, उजेड.
ती वळते.
माझ्या हातात वही, आणि एक शंका,
इस्त्री न केलेली.